शट डाऊन दिलं तरी चक्र फिरतंच: घरचा कॉम्प्युटर बंद व्हायला वेळ का लावतो

रात्री साडेनऊला शेजारच्या काकांचा फोन आला. ‘शट डाऊन करून जेवून आलो बघा, अजून ते चक्र फिरूलालंय. बटण दाबून धरू काय?’

‘धरू नका, काका. स्क्रीनवर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.’

‘कोण वाचतंय ते! चक्र फिरतंय एवढंच बघितलं.’

बहुतेकांची गोष्ट इथंच अडते. कॉम्प्युटर बंद होताना कुणासाठी थांबलाय हे बऱ्याचदा तो स्वतःच सांगत असतो. आपण तिकडे बघत नाही आणि सरळ बटणाला हात घालतो. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात या घाईला कारणही आहे म्हणा. एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो तो गडगडतच. वीज कडाडली की घरातलं कुणीतरी ओरडतंच, ‘प्लग काढ आधी!’ पावसाळ्यात खानापूरकडे झाडाची फांदी तारेवर पडली की दिवे गेले, आणि साधा यूपीएस जेमतेम दहा मिनिटं तग धरतो. अशा वेळी बंद व्हायला आठ मिनिटं घेणारा कॉम्प्युटर म्हणजे डोक्याला ताप.

हा लेख विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी आहे, आणि यातलं काही कधी न केलेल्या माणसासाठी. क्रमानं जा. अर्ध्याहून जास्त घरांत पहिल्या तीन-चार गोष्टींतच काम होतं, हा माझा अनुभव.

शटर ओढण्याआधी काय काय होतं

गणपत गल्लीतलं एखादं दुकान रात्री बंद होताना बघा. मालक आधी गिऱ्हाइकांना म्हणतो, ‘चला, आटपा.’ मग गडी माणसं आवराआवर करून निघतात. मग गल्ल्याचा हिशेब लिहून होतो. शेवटी मेन स्विच आणि शटर.

विंडोजचंही असंच आहे. शट डाऊन दिलं की ते आधी तुम्ही उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामला विचारतं, ‘बंद होतोस का?’ पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, तर त्याचं नाव स्क्रीनवर दाखवतं. ही झाली गिऱ्हाइकं. त्यानंतर पडद्यामागं चालणाऱ्या सर्व्हिसेस थांबवल्या जातात. अँटिव्हायरस, प्रिंटरची रांग, अपडेट वगैरे. हे गडी. मग डिस्कवर जे लिहायचं राहिलंय ते लिहून होतं, हा हिशेब. आणि शेवटी मदरबोर्डला वीज तोडायचा निरोप जातो.

कुठल्या टप्प्यावर गाडी अडलीय हे कळलं की निम्मं काम झालं. ते कळायला महागडं काही लागत नाही. घड्याळ आणि एक कागद पुरे.

पहिलं काम: तीन संध्याकाळी नुसतं बघा

काहीही बदलण्याआधी लागोपाठ तीन दिवस शट डाऊन दिल्यापासून डब्यावरचा दिवा विझेपर्यंत किती वेळ गेला ते लिहा. सोबत त्या वेळात स्क्रीनवर काय दिसत होतं तेही लिहा. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली नवी, वेगवान डिस्क) असेल तर दहा-वीस सेकंदांत काम व्हायला हवं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पाऊण-एक मिनिट लागलं तरी मी त्याला आजार म्हणत नाही. दोन मिनिटांच्या पुढं गेलं की शोधायला लागायचं.

स्क्रीनवर साधारण चार तऱ्हा दिसतात. निळ्या पडद्यावर एखाद्या प्रोग्रामचं नाव आणि खाली ‘शट डाऊन एनीवे’ असं बटण दिसलं तर गिऱ्हाईक अडलंय. नाव नाही, नुसतं ‘शटिंग डाऊन’ आणि चक्र असेल तर गडी अडलाय किंवा डिस्क हळू आहे. ‘वर्किंग ऑन अपडेट्स’ आणि टक्के दिसले तर तो आजारच नव्हे. स्क्रीन काळी झाली पण डब्यातला पंखा फिरतोय, दिवा लागलाय, तर ती वेगळी भानगड. तिच्याकडे शेवटी येऊ.

काकांनी दुसऱ्या दिवशी कागद आणून दिला. तिन्ही दिवस नाव एकच होतं, की-बोर्डचं. आपल्या भागात हे इतक्या घरांत सापडतं की त्यावर जरा सविस्तर लिहितो.

सीमाभागातला खास पाहुणा: तीन-तीन की-बोर्ड

आपल्याकडच्या घरातल्या कॉम्प्युटरला तीन भाषा याव्या लागतात. मुलाचा अभ्यास इंग्रजीत, मंडळाची अहवाल-पत्रिका मराठीत, आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये. त्यामुळे कन्नडसाठी कुणीतरी नुडी टाकून दिलेलं असतं. मराठीसाठी डीटीपीवाल्या मित्रानं जुन्या फॉन्टचं एक सॉफ्टवेअर दिलेलं असतं. त्यावर कधीतरी कुठल्याशा वेबसाइटवरून उतरवलेलं तिसरं एखादं असतं, जे कुणाला आठवतही नाही. अशी सॉफ्टवेअरं स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी बसून असतात. तुम्ही दाबलेली प्रत्येक की आधी त्यांच्या हातातून जाते. नवं आणि नीट लिहिलेलं असेल तर ‘बंद हो’ म्हटल्यावर लगेच उठतं. विंडोज एक्सपीच्या काळातलं असेल तर बऱ्याचदा उत्तरच देत नाही. बसून राहतं बापडं.

काय करायचं? घड्याळाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक करा. लपलेली चिन्हं दिसतील. की-बोर्डच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘एक्झिट’ द्या आणि मग शट डाऊन करून बघा. दोन दिवस असं केल्यावर कॉम्प्युटर पटकन बंद झाला, तर चोर सापडला.

पण लगेच काढून टाकू नका. आधी विचारा, जुन्या फाइली त्या फॉन्टमध्ये आहेत का? लग्नपत्रिका, सोसायटीचे ठराव, वडिलांनी टाइप केलेली पत्रं, असलं काही. युनिकोडच्या (सगळ्या भाषांची अक्षरं लिहायची आताची सामायिक पद्धत) आधीचे फॉन्ट कॉम्प्युटरमधून गेले की त्या फाइलींत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून फॉन्टची फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्या, महत्त्वाच्या पत्रांची पीडीएफ करून ठेवा, आणि मगच सॉफ्टवेअर काढा.

नवीन टायपिंगसाठी बाहेरचं काही टाकायची गरज आता राहिलेली नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक की-बोर्ड विंडोजमध्येच मिळतात. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात भाषेचं पान, तिथं ‘अॅड अ लँग्वेज’ म्हणून मराठी घ्या, मग तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन फोनेटिक की-बोर्ड जोडा. कन्नडचंही तसंच. भाषा बदलायला विंडोजचं चिन्ह असलेली की धरून स्पेसबार दाबायचा. ‘नमस्कार’ इंग्रजी अक्षरांत लिहीत गेलात की मराठीत उमटतं. इन्स्क्रिप्टची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या की-बोर्डची, सवय असेल तर तोही तिथंच आहे. एखाद्या कार्यालयाला नुडीतलीच फाइल हवी असेल तर अर्थात ते ठेवावं लागेल. मग त्याची नवी आवृत्ती ठेवा, आणि शट डाऊनच्या आधी हातानं बंद करायची सवय लावा.

काकांच्या कॉम्प्युटरमधून दोन जुने की-बोर्ड काढले. आता पन्नास सेकंदांत बंद होतो.

बाकीची गिऱ्हाइकं

स्क्रीनवर दुसऱ्या कुणाचं नाव आलं तर तो प्रोग्राम आधी बंद करायचा आणि मग शट डाऊन. साधी गोष्ट. बिनसेव्ह केलेली वर्डची फाइल, हिशेबाचं सॉफ्टवेअर, पन्नास टॅब उघडलेला ब्राउझर. हिशेबाच्या बाबतीत ‘शट डाऊन एनीवे’ कधीही दाबू नका. दुकानाची वर्षाची खातेवही त्या एका क्लिकवर पणाला लागते. घरात कुणी टॅली वापरत असेल तर त्यात उघडलेली कंपनी बंद करून, बाहेर येऊन मगच बंद करायचं, हा नियम कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

कधी यादीत काहीतरी अनोळखी इंग्रजी नाव दिसतं. घाबरून जाऊ नका. फोननं फोटो काढा, सकाळी शोधा. बऱ्याचदा तो प्रिंटर नाहीतर स्कॅनरसोबत आलेला मदतनीस निघतो.

प्रिंटरची तुंबलेली रांग

पहाणी उतारा नाहीतर मुलाचा जात-उत्पन्न दाखला प्रिंटला दिला, कागद संपला, प्रिंटर बंद केला, आणि विसरलो. तो हुकूम रांगेत तसाच पडून राहतो. प्रत्येक वेळी बंद होताना प्रिंटरची सर्व्हिस त्या रांगेशी झटापट करते.

स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करून उघडा. यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधा, उजवं क्लिक, ‘स्टॉप’. आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स असं फोल्डर आहे. परवानगी मागेल, ती द्या. त्या फोल्डरमधल्या फाइली पुसा. फोल्डर मात्र पुसू नका. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन स्पूलर ‘स्टार्ट’ करा. पाच मिनिटांचं काम.

जाता जाता: बंद करण्याआधी पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, चार्जिंगला लावलेला मोबाइल हे सगळं काढून एकदा बघा. फरक पडला तर एकेक परत लावून कोण नडतंय ते शोधा. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्ह तर आधी स्कॅन करा. दहा हातांतून गेलेली वस्तू आहे ती.

अपडेट चालू असेल तर देवाचं नाव घ्या आणि बसा

मायक्रोसॉफ्टचे मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. ते अमेरिकेतल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास. बुधवार-गुरुवारी कॉम्प्युटर बंद व्हायला वेळ लावत असेल आणि इतर वेळी ठीक असेल, तर कारण बहुधा हेच. तीन दिवस लिहून ठेवा म्हटलं ते यासाठीही.

स्टार्टच्या पॉवर बटणात ‘अपडेट अँड शट डाऊन’ आणि नुसतं ‘शट डाऊन’ असे दोन पर्याय दिसत असतील आणि बाहेर आभाळ भरून आलं असेल, तर नुसतं शट डाऊन घ्या. अपडेट रविवारी सकाळी, दिवे असताना, चहा पीत करा. एकदा टक्के दिसायला लागले की मात्र हात लावायचा नाही, तीस टक्क्यांवर वीस मिनिटं अडकलं तरी. मध्येच वीज गेली तर विंडोज पुढच्या वेळी आधीच्या स्थितीला परत जायचा प्रयत्न करतं आणि बहुतेकदा जमवतं. पण तो जुगार मुद्दाम कशाला खेळायचा?

आणि विंडोज १० वाल्यांना एक. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा कॉम्प्युटर ११ घेण्याजोगा असेल तर तो विषय फार लांबवू नका.

फास्ट स्टार्टअप: बंद होतो, पण बंद होत नाही

हा भाग नीट वाचा, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तुम्ही शट डाऊन देता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा बंद होत नाही. त्याची आहे त्या स्थितीतली प्रत डिस्कवर एका फाइलीत लिहून ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी ती वाचून विंडोज झटकन उठतं. म्हणजे सकाळचा वेळ वाचवण्यासाठी रात्री थोडा जास्त घेतला. एसएसडीवर हा सौदा कळतही नाही. फिरत्या डिस्कवर कळतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, आठवडेच्या आठवडे विंडोजचा गाभा खरा बंदच झालेला नसतो. बघायचं असेल तर स्टार्टमध्ये ‘टास्क मॅनेजर’ टाइप करून उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि ‘अप टाइम’ वाचा. ‘मी रोज बंद करतोय की!’ म्हणणाऱ्या एका मावशींच्या कॉम्प्युटरवर तिथं तेवीस दिवस दिसत होते. एखादा ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडून बसला असेल तर तोही रोज त्याच अवस्थेत परत उठतो. म्हणून आठवड्यातून एकदा ‘रिस्टार्ट’ द्या. ऐकायला उलटं वाटतं, पण रिस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन नव्यानं सुरू होतं, शट डाऊनमध्ये होत नाही.

दुसरी, स्क्रीन काळी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. त्या फाइलीचं लिखाण मागं चालू असू शकतं. आपल्याकडे स्क्रीन विझली की हात भिंतीवरच्या बोर्डाकडे जातो. थांबा. डब्यावरचा दिवा विझू दे, पंखा थांबू दे, मग बोर्डाचं बटण.

तिसरी, ही सोयच दुखण्याचं मूळ आहे का ते तपासता येतं. शिफ्ट की दाबून धरा आणि धरलेली असतानाच शट डाऊनवर क्लिक करा. त्या एका वेळेपुरतं पूर्ण शट डाऊन होतं. तसं केल्यावर कॉम्प्युटर ठणठणीत बंद होत असेल, तर सोय कायमची काढा. कंट्रोल पॅनेल, हार्डवेअर अँड साउंड, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. तिथं वर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ अशी ओळ आहे, तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालची टिकमार्क हलत नाही. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा आणि ‘सेव्ह चेंजेस’. सकाळी उठायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील. माझ्या मते जुन्या डिस्कच्या आणि वारंवार वीज जाणाऱ्या घरांत हे काढलेलंच बरं.

विंडोजची डायरी उघडून बघा

नाव न सांगता नुसतं चक्र फिरत असेल तर ही पायरी. विंडोज स्वतःची रोजनिशी लिहितं. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ टाइप करा. डावीकडे ‘अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, आणि त्या लांबलचक यादीत ‘डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स’. त्यातलं ‘ऑपरेशनल’ उघडा.

इथं प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. १०० च्या घरातल्या नोंदी सुरू होण्याच्या, २०० च्या घरातल्या बंद होण्याच्या. २०० क्रमांकाच्या नोंदीत बंद व्हायला किती मिलिसेकंद लागले ते लिहिलेलं असतं. ९५००० म्हणजे ९५ सेकंद, शेवटचे तीन आकडे सोडून वाचा. त्याच वेळेच्या आसपास २०१, २०२, २०३ अशा नोंदी असतील तर त्यात कुठल्या प्रोग्रामनं, उपकरणानं किंवा सर्व्हिसनं उशीर केला त्याचं नाव मिळतं. आठ-पंधरा दिवसांच्या नोंदी चाळल्यात आणि एकच नाव परत परत आलं, तर आणखी पुरावा कशाला पाहिजे?

नोंदीच नसल्या तर पुढची पायरी.

गडी निम्मे करत जा

विंडोजची की आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ अक्षरं सलग टाइप करून एंटर. ‘सर्व्हिसेस’च्या पानावर जा. तिथं खाली ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ अशी चौकोनी खूण आहे. ती आधी करा. हे विसरून पुढं गेलात तर विंडोजचे स्वतःचेच हातपाय बांधाल. आता जे उरलं ते बाहेरून आलेलं. ‘डिसेबल ऑल’ द्या, ओके करा, रिस्टार्ट करा. मग शट डाऊनला किती वेळ लागतो ते मोजा.

पटकन बंद झाला? म्हणजे दोषी याच यादीत आहे. परत जाऊन अर्धे चालू करा, रिस्टार्ट, परत मोजा. बिघडलं तर दोषी या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्या अर्ध्यात. त्याचे परत अर्धे. सोळा सर्व्हिसेस असतील तर चार फेऱ्यांत माणूस हाती लागतो. एकेक करत बसलात तर रात्र जाईल.

या खिडकीतल्या ‘बूट’च्या पानावर काहीही छेडू नका. तिथं ‘प्रोसेसरची संख्या वाढवा, कॉम्प्युटर उडेल’ असं सांगणारे लोक आहेत. उडत काही नाही.

सापडणारे नेहमीचे दोषी सांगतो. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस. नव्याचे पैसे भरले, जुन्याची मुदत संपली, पण काढलं कुणी नाही, आणि दोघे एकमेकांवर पाळत ठेवून बसलेत. एकच ठेवा. विंडोजमधलं डिफेंडरही घरच्या वापराला चालतं. दुसरा, फोटो इंटरनेटवर चढवत राहणारं सिंक सॉफ्टवेअर. लग्नाचे चार हजार फोटो चढत असताना शट डाऊन दिलं तर ते कुरकुर करणारच. तिसरा, दुकानातल्या कॉम्प्युटरशी जोडून ठेवलेलं नेटवर्क ड्राइव्ह. दुकानातला कॉम्प्युटर बंद, आणि घरचा त्याची वाट बघत दारात उभा. चौथा, फुकट मिळालेलं ‘पीसी क्लीनर’. त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत हात घातलाय का?

अनगोळच्या एका मुलाचा कॉम्प्युटर आला होता. चांगला, पण बंद व्हायला दीड-दोन मिनिटं. सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी विचारलं, ‘स्पीड वाढवायला काही केलास काय रे?’ जरा वेळ गप्प. मग, ‘व्हिडिओत बघून एक व्हॅल्यू वन केलो होतो, सर.’

रॅम कमी पडते तेव्हा विंडोज डिस्कवरची एक मोठी फाइल उसनी जागा म्हणून वापरतं. तिला पेज फाइल म्हणतात. बंद होताना ती पूर्ण पुसायची अशी एक सेटिंग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, आहे. गोपनीय कागद सांभाळणाऱ्या कार्यालयांसाठी ती ठीक आहे, वेगाशी तिचा काही संबंध नाही. ती एक केली की दर शट डाऊनला विंडोज त्या अख्ख्या फाइलीवर शून्यं लिहीत बसतं. आठ जीबीची फाइल आणि सेकंदाला शंभर एमबी लिहिणारी जुनी डिस्क असेल तर ऐंशी सेकंद नुसते त्यातच गेले. सेटिंगचं नाव ‘क्लिअर पेज फाइल अॅट शटडाउन’. ती परत शून्य केली, आणि विषय संपला.

आणखी एक सल्ला सगळीकडे फिरतो. सर्व्हिसेसना थांबायला विंडोज जो वेळ देतं तो कमी करा म्हणून. आताच्या विंडोजमध्ये तो मुळातच पाच सेकंद असतो. त्याहून कमी करणं म्हणजे हिशेब लिहिणाऱ्याच्या हातून वही ओढून घेणं. कॉम्प्युटर लवकर बंद होईल, आणि एक दिवस वहीतलं पान गायब असेल. तुम्ही असं काही केलं असेल तर पूर्ववत करा. केलं नसेल तर रजिस्ट्री उघडूच नका.

डिस्कच थकलीय का?

शट डाऊन देण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’चा रकाना बघा. काही चालू नसताना तो शंभर टक्क्यांवर चिकटून बसलेला असेल, तर दोष बंद होण्यात नाही, डिस्कमध्ये आहे. सुरू व्हायलाही वेळ, फोल्डर उघडायलाही वेळ, असं सगळंच हळू असेल. सी ड्राइव्ह ठासून भरलेला असेल तर आधी वीसेक जीबी मोकळे करा. डाउनलोड्समधले जुने पिक्चर पुसले तरी तेवढी जागा निघते.

डब्यातून टक-टक असा आवाज येत असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादाला लागू नका. त्याच रात्री फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. डिस्क बदलता येते, आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो परत काढता येत नाहीत.

आणि खरं सांगू? आठ-नऊ वर्षांच्या कॉम्प्युटरमध्ये फिरती डिस्क असेल, तर वरचं सगळं करण्यापेक्षा साधी साटा एसएसडी बसवून घ्या. फिरती डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, एसएसडी पाचशेच्या आसपास. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा विचार पुढं ढकलला जातो.

स्क्रीन काळी, पंखा चालूच

चक्र गेलं, स्क्रीन गेली, पण डबा घुमतोय. दहा मिनिटं झाली तरी घुमतोय. इथं विंडोजनं आपलं काम संपवलेलं असतं, वीज तोडायचा निरोप मात्र मदरबोर्डपर्यंत नीट पोचत नाही. वर सांगितलेलं शिफ्ट धरून शट डाऊन आधी करून बघा. फास्ट स्टार्टअप काढल्यावर हे दुखणं बऱ्याचदा जातं. नाही गेलं तर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलचं पान उघडून तिथले चिपसेटचे आणि पॉवरचे ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरकडून घेऊ नका.

बटण दाबून धरायची वेळ येतेच कधीतरी. त्याआधी डब्यावरचा दुसरा, लुकलुकणारा दिवा बघा. तो डिस्कचा. लुकलुकतोय तोवर थांबा. पंधरा मिनिटं त्यानं डोळाही मिचकावला नाही, तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. भिंतीवरचं बटण मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सुरू झाल्यावर स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून त्यावर उजवं क्लिक, ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’. तिथं एस, एफ, सी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (/), आणि तिला चिकटून ‘स्कॅननाऊ’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर. विंडोजच्या मोडलेल्या फाइली ते स्वतः दुरुस्त करतं. शंभर टक्के होईपर्यंत खिडकी बंद करू नका.

दुकानात न्यायचीच वेळ आली तर

नुसतं ‘स्लो झालाय, बघा’ म्हणून डबा काउंटरवर ठेवलात, तर बहुतेक ठिकाणी एकच औषध मिळतं: फॉरमॅट. तुमचे फोटो, तुमचे फॉन्ट, नुडी, प्रिंटर, सगळं गेलं आणि परत बसवायचे पैसे वेगळे. म्हणून तो तीन दिवसांचा कागद सोबत न्या. किती सेकंद, स्क्रीनवर काय दिसतं, शिफ्ट धरून काय होतं, डायरीत कुणाचं नाव आहे, एवढं लिहिलेलं असलं की समोरचा माणूसही सरळ मुद्द्यावर येतो. दुकानदार कन्नड बोलणारा असेल आणि तुमचं कन्नड माझ्यासारखंच बाजारापुरतं असेल, तर ‘बंद आगवल्दु री’ (बंद होत नाही हो) एवढ्यावर भागतं. कागदावरचे आकडे त्याला कुठल्याही भाषेत वाचता येतात. आणि डबा हातात देण्याआधी एक वाक्य मात्र त्याच्याकडून कबूल करून घ्या: न विचारता फॉरमॅट मारायचा नाही.